काठीवर तोललेलं दार

सकाळचे सहा वाजायला आलेत. दुधनीच्या जेटीवर अजून एकही पर्यटक नाही. मधुबन धरणाचं पाणी धुक्याखाली निपचित पडलंय. काठाला बांधलेल्या होड्या एकमेकींना हलक्या धडकतात, तेवढाच आवाज. त्यात रस्त्याच्या बाजूने दुसरा आवाज येतो: सेल्फची धाप, मग शांतता, पुन्हा धाप.

दुकानासमोर पांढरी मारुती व्हॅन उभी आहे. पांढरी म्हणायची ती कागदोपत्री. खालचा हातभर पत्रा लाल मातीने रंगलाय, आणि एका दाराचा पांढरा रंग दुसऱ्या दाराच्या पांढऱ्याशी जुळत नाही. नंबर जुना, डीएन ०९ चा. मालक, म्हणजे ज्यांना सगळा गाव काका म्हणतो आणि म्हणून मीही म्हणतो, ते आत बसून चोक ओढून धरतात. तिसऱ्या खेपेला इंजिन खोकतं, मग लागतं. काका लगेच गिअर टाकत नाहीत. उतरून मागे जातात, डिकीचं दार वर उचलतात आणि कोपऱ्यातली बांबूची काठी काढून त्याच्याखाली टेकवतात. दार वर तोलून धरणाऱ्या गॅसच्या नळ्या कधीच मेल्यात. काठीचं वरचं टोक सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने गुंडाळलंय, घसरू नये म्हणून.

“नळ्या मिळतात की अजून,” मी म्हणतो.

“मिळतात. दोनदा बसवल्या. काठी आठ वर्षं झाली, तशीच आहे.”

मी दुधनीला आलो होतो ते जुन्या गाड्यांवर लिहायला. संग्राहकांच्या नव्हे. रविवारी मऊ फडक्याने पुसून रॅलीला नेतात त्या गाड्यांवर पुष्कळ लिहून झालंय. मला पाहायची होती अशी जुनी गाडी, जी सोमवारी सकाळी कामाला जाते. सिल्वासापासून चाळीसेक किलोमीटरवर, साकरतोड नदीकाठचं खानवेल ओलांडून सागाच्या जंगलातून वळणं घेत रस्ता जिथे पाण्यापाशी येऊन थांबतो, तिथे ती सापडली.

काकांचा दिनक्रम सरळ आहे. सकाळी खानवेलला जायचं, दुकानाचा माल भरायचा: तेलाचे डबे, साखर, बिस्किटांची खोकी, साबण, पावसाळा असेल तर प्लास्टिकचा कागद. येताना वाटेतल्या पाड्यांवर दोन-तीन ठिकाणी थांबायचं, तिथल्या टपऱ्यांना माल द्यायचा. शनिवार-रविवार होड्यांसाठी लोक येतात, तेव्हा हीच गाडी जेटीजवळ उभी राहते. मागची बाकं त्यांनी पूर्वीच काढून टाकलीत. मागच्या सपाट फळीवर शेगडी, भांडी, पाण्याचे कॅन आणि मक्याची कणसं मावतात. सरकतं दार उघडलं की झालं हॉटेल.

ही व्हॅन १९९९ ची. पण तिचा सांगाडा त्याहून बराच जुना आहे. मारुती उद्योगाने पहिली ‘८००’ विकली ती डिसेंबर १९८३ मध्ये. व्हॅन आली त्याच्या पुढच्या वर्षी. मूळ घडण सुझुकीच्या १९७९ च्या ‘कॅरी’ची. १९८८ मध्ये तिचं नाव ‘ओम्नी’ झालं, पण आपल्याकडे ती व्हॅनच राहिली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, चार गिअर, बारा इंची चाकं, मागे पाटे. हिंदी सिनेमाने तिला अपहरणाची गाडी करून टाकलं, कारण सरकतं दार एका झटक्यात उघडतं. गावांनी तिला तेवढ्याच सहजपणे शाळेची गाडी केलं, रुग्णवाहिका केलं, भाजीचा गाडा केलं, लग्नात करवल्यांची गाडी केलं. कारण तेच, सरकतं दार.

माझा या प्रकाराशी संबंध व्हॅनच्या आधीचा आहे. आमच्या घरी मॅटॅडोर होती. वडिलांचा नाशिकमध्ये मंडप-डेकोरेशनचा धंदा. वासे, कनाती, ताडपत्र्या, लोखंडी खुर्च्या, समया, कर्णे आणि आम्ही दोघं भाऊ, एवढं सगळं तिच्यात जायचं. गणपतीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत ती घरी झोपायलासुद्धा येत नसे. डिझेल गाडी. थंडीत वडील किल्ली अर्धी फिरवून ‘हीटर मारायचे’, म्हणजे इंजिनातल्या तापणाऱ्या प्लगांना वीज द्यायचे, आणि मनाशी वीसपर्यंत आकडे मोजायचे. मी आकडे मोजायला शिकलो ते शाळेच्या आधी, तिथे.

मॅटॅडोर या शब्दामागची गोष्ट मराठी माणसाने सांगावी अशी आहे, कारण ती तेव्हाच्या अहमदनगरहून सुरू होते आणि आकुर्डीला पोचते. नवलमल फिरोदिया हे नगरचे वकील आणि स्वातंत्र्यसैनिक. तीनचाकी वाहनाचं वेड त्यांनी घेतलं, त्यातून भारतात रिक्षा आली आणि पुढे १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली. तंत्र हॅम्बुर्गच्या ‘विडाल अँड झोन’ या कारखान्याचं, त्यांच्या गाड्यांचं नाव ‘टेम्पो’. आधी गोरेगावला आणि मग आकुर्डीला तीनचाकी ‘हान्सीट’ बनू लागली. पुढे एक चाक, लांब नाक, मागे माल. लोक तिला तोंडावरून ‘डुक्कर’ म्हणत. जर्मनीत ही गाडी पन्नासच्या दशकातच बंद झाली होती. आपल्याकडे ती शतक संपेपर्यंत धावली.

साठचं दशक संपता संपता तिच्या जोडीला चारचाकी मॅटॅडोर आली. ऐंशीच्या दशकात तिला मर्सिडीजच्या घराण्यातलं २.४ लिटरचं डिझेल इंजिन मिळालं. कंपनीचं नाव २००५ मध्ये बदलून फोर्स मोटर्स झालं. पण तोवर ‘टेम्पो’ हे तिचं नाव उरलंच नव्हतं. आज मराठीत माल वाहणारी कुठलीही मधली गाडी टेम्पोच. घर बदलायचं तर टेम्पो बोलवायचा, कांदा टेम्पोने न्यायचा, अपघाताच्या बातमीत टेम्पो उलटायचा. जर्मन भाषेत टेम्पो म्हणजे वेग. चढणीवर भरलेल्या हान्सीटच्या मागे ज्यांनी अर्धा तास काढलाय, त्यांना या शब्दाचा अर्थ कोणी सांगितला नाही ते बरंच.

मॅटॅडोरची एक खुबी वडिलांनी मला फटका खाऊन शिकवली. फटका मी नव्हे, त्यांनी खाल्ला. आमच्या गाडीची पुढची चाकं गाडी ओढत. त्यामुळे इंजिनाची ताकद मागे नेणारा दांडा नाही, आणि म्हणून मागची फळी खूप खाली, जवळजवळ गुडघ्याएवढी. लोखंडी खुर्च्या चढवताना कंबर वाचायची. पण एकदा भर पावसात घोटीजवळ एका मंगल कार्यालयाच्या चढावर गाडी जागच्या जागी फिरू लागली. पुढची चाकं नुसती गरगरत होती. घाईत आम्ही सगळ्या समया आणि लोखंड मागच्या टोकाला टाकलं होतं, हलक्या कनाती पुढे. चढावर वजन आधीच मागे जातं, वर आम्ही ते आणखी मागे ढकललेलं. ओढणारी चाकं हलकी पडली होती. वडिलांनी पावसात सगळं उतरवलं आणि लोखंड केबिनच्या पाठीला लावून पुन्हा भरलं. गाडी निमूट वर गेली. त्यांनी आम्हाला एक शब्दही ऐकवला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र केबिनच्या मागच्या फळीवर खडूने लिहिलेलं होतं: ‘जड पुढे’.

दुधनीला व्हॅनमध्ये बसलो आणि मागे नजर गेली. सगळी खोकी उतरली होती, पण मागच्या चाकांच्या वर तांदळाचं एक पोतं तसंच होतं. विचारलं, हे कोणाला द्यायचं राहिलं?

“ते कुणाचं नाही,” काका म्हणाले. “ते गाडीचं आहे. पावसाळा संपेपर्यंत राहतं. पुढे आपण दोघं बसलो, खाली इंजिन. मागे काही नसलं की वळणावर शेपूट फिरवते.”

व्हॅनला मागची चाकं ढकलतात. इथे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि रस्त्यावर सागाच्या पानांचा चिखल होतो. रिकामी व्हॅन म्हणजे मागून हलकं टोपलं. म्हणून जड मागे. वडिलांचा नियम इथे उलटा करून लिहावा लागला असता. दोघांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं. दोघांना आपल्या गाडीचं वजन कुठे असतं ते ठाऊक होतं.

खानवेलला जाताना व्हॅन गरम होते. आपण, म्हणजे. इंजिन पुढच्या सीटच्या खाली असल्यामुळे अर्ध्या तासात मांडीखाली तवा ठेवल्यासारखं वाटतं. हिवाळ्यात सुख, वैशाखात शिक्षा. स्टीअरिंग बससारखं आडवं, आणि समोर नाक नाहीच. काचेपलीकडे थेट रस्ता. पण याच मांडणीचा एक फायदा असा की बिघडलं तर रस्त्यात गुडघे टेकून गाडीखाली जावं लागत नाही. डावी सीट उचलायची, खालचं झाकण काढायचं, की इंजिन समोर. पाऊस असेल तर दार लावून, आत बसून, कोरड्या हातांनी प्लग साफ करता येतात.

खानवेलच्या गॅरेजमध्ये मी ते पाहिलं. गॅरेज म्हणजे चार बांबूंवरचा पत्रा आणि एक लाकडी फळी, जिच्यावर पान्यांच्या आकृत्या काळ्या रंगाने काढल्यात, कुठला कुठे टांगायचा ते कळावं म्हणून. मिस्त्री पस्तिशीचा. त्याने सीट उचलली, इंजिन चालू ठेवलं आणि डोकं तिरपं करून ऐकू लागला. मग एकेका प्लगची वायर हळूच उपसून पुन्हा बसवली. पहिली उपसली, इंजिन लंगडलं. दुसरी उपसली, लंगडलं. तिसरी उपसली, काही फरक नाही.

“हा झोपलाय,” तो म्हणाला.

तीन सिलिंडरांतला एक काम करत नव्हता. प्लग काढला, टोकावर काजळी. वायर ब्रशने घासला, पॉलिश पेपरचा तुकडा फिरवला, फट डोळ्याने मोजली, बसवला. आवाज भरला. सगळं मिळून दहा मिनिटं. पैसे किती झाले ते काकांनी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. दुकानातल्या वहीत ते कुठेतरी वजा होत असणार.

त्या दहा मिनिटांत मला हव्या त्या प्रश्नाचं उत्तर होतं. पंचवीस वर्षांची गाडी रोज कामाला कशी येते? पत्रा जाड आहे म्हणून नव्हे. व्हॅनचा पत्रा पातळच. जपून वापरली म्हणूनही नव्हे. ती टिकते कारण तिला काय झालंय ते कानाने कळतं, आणि तो कान अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. शिवाय हे इंजिन एकटं नाही. मारुती ८०० मध्ये हेच होतं, आणि ती गाडी जानेवारी २०१४ पर्यंत बनत होती. लाखो भाऊबंद गाड्या मागे राहिल्या, त्यामुळे गॅस्केट, क्लचप्लेट, फॅनबेल्ट, कार्बोरेटरचं किट कुठल्याही तालुक्याच्या गावी काउंटरवर मिळतं. मॅटॅडोरचंही तसंच झालं. मॅटॅडोर गेली, पण तिचं इंजिन त्याच कंपनीच्या ‘ट्रॅक्स’मध्ये पुढे चालत राहिलं, म्हणून माझ्या वडिलांना शेवटपर्यंत सुटे भाग मिळाले. एकट्या पडलेल्या गाडीचं शोभेचं खेळणं होतं. गोतावळा असलेली गाडी कामाला जाते.

काकांचा मुलगा सिल्वासाला नोकरी करतो. त्याने नवी गाडी घेतली आहे, एसीची. गेल्या पावसाळ्यात तिच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. खानवेलच्या मिस्त्रीने हात जोडले. त्याच्याकडे तो वाचायचं यंत्र नाही. गाडी टोचन लावून शहरात न्यावी लागली, तिथे लॅपटॉप जोडला, एक सेन्सर बदलला. काका हे सांगताना हसत नाहीत. “त्याची गाडी चांगली आहे,” ते म्हणतात. “धूर नाही, आवाज नाही. सून बाळाला घेऊन पुढे बसते, मला काळजी वाटत नाही. माझ्या गाडीत मी तिला पुढे बसवत नाही.”

या वाक्यापाशी जुन्या गाडीच्या प्रेमाने थांबायला हवं. व्हॅनमध्ये चालकाचे गुडघे आणि समोरचा ट्रक यांच्यामध्ये पत्रा आणि बंपर, एवढंच आहे. एअरबॅग नाही, एबीएस नाही, चेपून धक्का गिळणारं नाकही नाही. एप्रिल २०१९ मध्ये ओम्नीचं उत्पादन थांबलं ते खप आटला म्हणून नव्हे. त्या वर्षी सुरक्षेचे नवे नियम येत होते, पुढच्या एप्रिलमध्ये भारत स्टेज ६, आणि १९७९ च्या सांगाड्याला त्या चाचण्यांतून पार करणं शक्य नव्हतं. पस्तीस वर्षं चाललेली गाडी एका कागदाने थांबवली, आणि तो कागद बरोबर होता.

जगात दुसरीकडेही हेच घडलं. फोक्सवॅगनची ती प्रसिद्ध गोलमटोल व्हॅन जर्मनीत १९५० पासून बनू लागली. युरोप-अमेरिकेत आज ती हौसेची, पोस्टरवरची, समुद्रकिनाऱ्यावरची गाडी आहे. पण ब्राझीलमध्ये तिला ‘कोंबी’ म्हणत, आणि तिथे ती भाजी, टपाल, शाळेची मुलं वाहत २०१३ पर्यंत नवी कोरी कारखान्यातून बाहेर पडत होती. २०१४ पासून तिथे एअरबॅग आणि एबीएस सक्तीचे झाले आणि कोंबी संपली. साओ पावलोच्या भाजीवाल्याला आणि दुधनीच्या दुकानदाराला एकमेकांची भाषा कळणार नाही. इंजिन उघडून दाखवलं तर मात्र कळेल.

आपल्याकडे व्हॅनच्या मागून दुसरंही एक वाहन आलं होतं. २००५ मध्ये टाटांनी ‘एस’ आणली, लोकांनी तिचं ‘छोटा हत्ती’ केलं, आणि गल्लीबोळातल्या मालाचं गणितच बदललं. आमची मॅटॅडोर गेली ती त्या सुमारास. काकांना मी विचारलं, हत्ती का नाही घेतला? माल तर जास्त बसतो.

“हत्तीत पाऊस येतो,” ते म्हणाले. “ताडपत्री बांधा, सोडा, बांधा. साखर भिजली की कोणाच्या बापाची? हिला दार आहे. आणि रात्री कोणी आजारी पडलं तर हत्तीत झोपवणार कसं?”

पाड्यांवरून रात्री-अपरात्री खानवेलच्या दवाखान्यात किती जणांना नेलं, ते त्यांनी मोजलेलं नाही. वहीत मात्र ते दिसतं. वही म्हणजे जुन्या डायरीची उरलेली पानं, गाडीच्या खर्चाची. एका बाजूला ‘क्लचप्लेट’, ‘टायर २ मागचे’, ‘सायलेन्सर वेल्डिंग’, ‘दार रोलर’. मध्येच कुठेतरी ‘बाळंतीण, रात्र, पेट्रोल’. त्याच्यापुढे आकडा आहे, पण वसुलीचा रकाना कोरा.

शेवटचं नोंदलेलं मोठं काम पत्र्याचं. व्हॅनचा खरा शत्रू इंजिन नव्हे, गंज. पाण्याकाठची दमट हवा, पावसाळी चिखल, सरकत्या दाराच्या खोबणीत साठणारी माती. दार खडखडतं, मग अडतं, मग ओढावं लागतं. खालच्या पट्टीचा पत्रा बोटाने दाबला तर आत जाईल असा झाला होता. मिस्त्रीने तो कापला, नवा जोडला, लांबी भरली, रंग मारला. तोच तो न जुळणारा पांढरा.

आणि मग कागद. खासगी चारचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी दाखवून नूतनीकरण करायचं. काकांची व्हॅन २०१४ ला, २०१९ ला आणि २०२४ ला, तीनदा ‘पास’ झाली. आधी याची फी सहाशे रुपये होती, एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना ती दहा हजार केली गेली. म्हणजे २०२९ मध्ये काका ही गाडी दाखवायला नेतील तेव्हा निव्वळ कागदाला एवढे पैसे, वर डागडुजी. जुन्या गाड्या मोडीत निघाव्यात हा त्यामागचा उद्देश आहे, आणि धुराचा विचार केला तर तो चुकीचा नाही. मोडीचं धोरण २०२१ मध्ये जाहीर झालं तेव्हा टीव्हीवर पाहिल्याचं काकांना आठवतं. “मोडीत दिल्यावर जे येईल, त्यात नवीचं एक दारही येणार नाही,” एवढंच ते बोलले.

इथे एक जुनी गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. दुधनी ज्या नगर हवेलीत येतं, ती जमीन पोर्तुगिजांकडे गेली तीच मुळी एका वाहनाच्या नुकसानभरपाईत. १७७२ मध्ये मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगिजांचं ‘सांताना’ नावाचं लढाऊ जहाज घेतलं. १७७९ मध्ये तह झाला आणि भरपाई म्हणून पुण्याच्या दरबाराने नगर हवेलीच्या गावांचा महसूल तोडून दिला. १७८३ मध्ये पोर्तुगिजांचा अंमल इथे बसला. पुढे १९५४ च्या ऑगस्टमध्ये सिल्वासा मुक्त झालं. ते मुक्त करणाऱ्या सशस्त्र स्वयंसेवकांत संगीतकार सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरेही होते. एका जहाजापायी पावणेदोनशे वर्षं. जहाजाचं काय झालं त्यात कोणाला रस नाही. हिशेब मात्र गावांनी फेडला. जुन्या वाहनाची किंमत कोण ठरवतं आणि ती कोणाच्या खिशातून जाते, हा प्रश्न इथे नवा नाही.

धरणानेही तेच शिकवलं. दमणगंगा अडवली गेली, मधुबनचं पाणी पसरलं, काही गावांच्या जमिनी त्याखाली गेल्या, आणि पूर्वी पायी जायच्या वाटा पाण्याला वळसा घालून जाऊ लागल्या. पाण्यावर होडी, वळशाला व्हॅन. पर्यटकाला जो देखावा दिसतो, तो इथल्या माणसाला अंतर म्हणून दिसतो.

परतताना संध्याकाळ झाली. एका पाड्यावर थांबलो. काकांनी डिकी उघडली, आणि काठी हातात घेऊन आजूबाजूला बघितलं. जमीन उताराची होती, काठी टेकेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन दोन्ही हातांनी दार वर धरलं. वजन वाटलं होतं त्याहून जास्त होतं. ते शांतपणे एकेक खोकं काढत राहिले, टपरीवाल्या बाईशी उधारीबद्दल बोलले, तिच्या नातवाला बिस्किटाचा पुडा दिला, तांदळाचं पोतं थोडं डावीकडे सरकवलं. माझे खांदे भरून आले.

“सोडू का?” मी विचारलं.

“थांबा जरा,” ते म्हणाले. “तेलाचा डबा राहिलाय.”